गुलाबी माकूळ

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. गावी, कळसाडीला, माझी आई शेजारणींना सांगते, की आमची दिपाली नवापूरला फूड कंपनीत आहे. त्या कंपनीत बिस्किटं होत असावीत असा शेजारणींचा समज आहे आणि आईने तो आजवर मोडलेला नाही. खरं सांगायचं तर मी माकूळ तपासते. समुद्रातला पांढरा, मऊ, बिनहाडाचा, दहा पायांचा जीव. ओमानकडे जाळ्याने धरतात, गोठवतात, जहाजाने गुजरातच्या बंदरात उतरवतात आणि तिथून कंटेनरने हायवेवरच्या आमच्या प्लांटमध्ये आणतात. आम्ही त्याच्या गोल चकत्या कापतो, पुन्हा गोठवतो आणि परदेशी पाठवतो. आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांपैकी एकीनेही समुद्र पाहिलेला नाही, पण माकूळ ताजं की शिळं हे त्या बोटाने दाबून सांगतात.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माल येऊन पडला होता, पण त्याला हात लावायची सोय नव्हती. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचं एक बरं असतं, तिची जन्मापासूनची कहाणी माहीत असते. उघड्या समुद्रात धरलेला माल कुठल्या पाण्यात फिरला, काय खाऊन आला, कुणाला ठाऊक. म्हणून त्याला सरळ घरात घेत नाहीत. आधी परवाना, मग तिकडच्या सरकारचा आरोग्याचा दाखला, मग बंदरावर नमुने काढून प्रयोगशाळेत, आणि तोवर माल सीलबंद शीतगृहात वेगळा. करोनात माणसांना ठेवलं होतं तसा. प्रयोगशाळेचे निकाल चांगले आले होते. उरली होती फक्त शेवटची पाहणी. मुंबईहून अधिकारी येणार, सील तोडणार, चार खोकी उघडून माल वितळवून डोळ्याने, नाकाने, बोटाने बघणार आणि तिथल्या तिथे सही करणार. सही झाली की होळीपर्यंत काम.

सही नाही झाली तर काय, हे गेटबाहेरच्या चिंचेखाली बसलेल्या बायकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्याच दिवशी दिवेलागणीला उखा मुकादमाचा ट्रक नाक्यावरून निघणार होता. सुरतेच्या पुढे, ऊसतोडीला.

त्या बायकांमध्ये रमिलाबाई होती. खांडबाऱ्याच्या अलीकडे तिचा पाडा. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ती ऊस तोडायला गेलेली, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या खोपटात राहिलेली. उन्हाळ्यात नवराबायकोने स्वतःच्या हाताने घर बांधलं होतं. विटांच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटा. पावसाळा त्यात काढला तो गळकी कौलं सारखी करण्यात. आता कुठे घर राहण्यासारखं झालं, तर कुलूप लावायची वेळ आली.

"ताई, औंदा मी ऊसले जावाव नही," ती सकाळी मला म्हणाली होती. घरी ती आदिवासींची मावची बोलते, माझ्याशी बाजारातली अहिराणी. "एक हिवाळा मन्हा घरमा निजसू. मंग पुढला साल काय व्हई ते होवो."

"साहेबांनी सही केली तर," मी म्हणाले.

"करतीन. तुमी शेत ना."

तुम्ही आहात ना! असं कुणी म्हटलं की मी तेच ते पुन्हा तपासत सुटते. सकाळपासून मी तीनदा शीतगृहाचं तापमान बघून आले होते. ते उणे अठराच होतं, तरी पुन्हा जात होते. कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला की कान टवकारत होते. पाय एका जागी ठरत नव्हते.

त्यात आमचे मालक, लोटन आप्पा. तापीकाठच्या प्रकाशा गावचे. माणूस दिलदार, पण मानपानाची हौस अशी की लग्न दुसऱ्याचं असलं तरी फेटा हेच वाटणार. साहेबांच्या स्वागताला त्यांनी शाल, टोपी, नारळ, हार आणि कुंकवाचं ताट मांडलं होतं.

"आप्पा, तपासणी शे ही, साखरपुडा नही," मी म्हणाले.

"साहेब पहिल्यांदा आपला दारवर उना. रिकामं कपाळ कसं ठेवानं? लोके काय म्हनतीन?" आप्पांचं उत्तर तयार.

ओवाळायला सवाष्ण हवी. आप्पांच्या घरच्या बाई माहेरी, मी बिनलग्नाची. म्हणून आप्पांनी रमिलाबाईला बोलावलं. ती हात धुऊन, पदर सारखा करून ताट घेऊन उभी राहिली.

अधिकारी आले ते तिशीचे असतील. आडनाव ठोसर. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला बॅग, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. हार बघून ते दोन पावलं मागे सरले. "हे नको. आम्हाला चालत नाही हे." शाल त्यांनी नाकारली, नारळ नाकारला, टोपी टेबलावर ठेवली. पण रमिलाबाई समोर ताट धरून उभी होती आणि तिचा हात आधीच ओल्या कुंकवात बुडला होता. ठोसरांनी एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मान खाली घातली. तिने अंगठ्याने चांगला ठसठशीत टिळा ओढला आणि वर अक्षता चिकटवल्या. आप्पांनी फोटो काढला. नमनालाच घडाभर तेल गेलं. मी घड्याळाकडे बघत दात खात होते.

आता आमच्या दाराची शिस्त सांगते, कारण तिच्यापायी मी बायकांच्या शिव्या खाल्लेल्या आहेत. हॉलमध्ये जाताना बांगड्या बाहेर, डोरलं बाहेर, टिकली बाहेर. कपाळावर कुंकू असेल तर साबणाने धुवायचं. पहिल्या वर्षी बायका रडल्या होत्या. सवाष्णीने कपाळ पुसायचं म्हणजे काय? रमिलाबाईनेच समजूत घातली होती, की आत गेल्यावर पुसायचं, बाहेर आल्यावर लावायचं, नवरा काय तेवढ्यात मरत नाही. तेव्हापासून मी दारात उभी राहून एकेकीचं कपाळ बघते. त्या दिवशीही बघितलं. ट्रे उचलायला आत येणाऱ्या रमिलाबाईचं बघितलं, आप्पांचं बघितलं, त्यांचा अष्टगंध पुसायला लावला. साहेबांनी टोपी, मास्क, हातमोजे, बूट सगळं नीट चढवलं. त्यांना कोण काय सांगणार?

सील तुटलं. ठोसर काम चोख करत होते, हे मला मान्य करावंच लागेल. खोक्यांवरचे आकडे परवान्याशी ताडून बघितले, कोपऱ्यातली खोकी मागवली, मधली मागवली. आतल्या गारठ्यात आमची बोटं वाकत नव्हती. बाहेर पाहणीच्या खोलीत आलो की उबेने त्यांच्या चष्म्यावर वाफ धरायची. मग ते बोटाने चष्मा वर सरकवायचे, भिंगाखालून बघायचे, चष्मा पुन्हा घसरायचा, पुन्हा वर. असं दर खोक्याला. मी त्यांच्या शेजारी उभी होते, पण माझं सगळं लक्ष त्यांच्या पेनाकडे होतं. पेन कुठे थांबतंय का, कुठे फुली मारतंय का.

त्यांनी स्वतःच्या हाताने गोठलेली माकळं पिशव्यांत भरली, तोंडं बांधली आणि पिशव्या वितळायला पाण्यात सोडल्या. तोवर चहा झाला. आप्पांनी चहाचाही फोटो काढला. ठोसर सुरतेच्या गाडीबद्दल विचारत होते. संध्याकाळची गाडी मिळाली तर रात्री मुंबईची पकडता येईल म्हणाले. म्हणजे सही करायच्या बेतात आहेत, असं मी मनात धरलं. पहिल्यांदाच मला जरा बसावंसं वाटलं.

पिशव्या उघडल्या आणि मी उभीच राहिले. पांढऱ्या मांसावर गुलाबी डाग होते. एका पिशवीत दोन, दुसरीत तीन, तिसरीतलं पाणीच फिकट गुलाबी. चौथीत काही नाही.

जे या धंद्यात नाहीत त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. माकूळ सडायला लागलं की आधी गुलाबी पडतं. वास नंतर येतो. गुलाबी दिसलं की पुढचं बोलायला जागा राहत नाही. ठोसरांनी वास घेतला. मीही घेतला, ज्या नाकाला घरी लसणाशिवाय दुसरा उग्र वास माहीत नाही त्या नाकाने. वास गोड होता, ताज्या मालाचा. बोटाने दाबलं, मांस घट्ट. पण डाग होते.

"वास ठीक आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"सुरुवात असेल," ते म्हणाले. "मी असा माल सोडू शकत नाही, मॅडम."

त्याच वेळी मला ट्रेच्या कडेला तांदळाचा दाणा दिसला. एकच, ओला. आणि माझं डोकं फिरलं. आग लागली होती रामेश्वरी, बंब गेला सोमेश्वरी, तसं झालं. मी रमिलाबाईकडे वळले आणि सगळ्यांदेखत बोलले, की डबे बाहेर खायचे हे किती वेळा सांगायचं, तुमच्या भाताच्या शितांनी साहेबांसमोर आमची लाज काढली. तो दाणा तिने चिमटीत उचलला, क्षणभर बघितला आणि कचऱ्यात टाकला.

ठोसरांनी शीतगृहाला पुन्हा सील लावलं. माल विलगीकरणातच राहणार, नवे नमुने प्रयोगशाळेला जाणार, निकालाला दोनतीन आठवडे. निकाल वाईट आला तर माल परत पाठवायचा नाही तर पुरायचा. हे त्यांनी शांतपणे सांगितलं, बॅग उचलली आणि आप्पांच्या गाडीतून स्टेशनला गेले.

बायकांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चिंचेखाली जाऊन मी सांगितलं. दोघीतिघी लगेच उठल्या, पोरांना हाका मारू लागल्या. रमिलाबाई सगळ्यांत शेवटी उठली.

"मन्हाच हातनं काही व्हयनं का ताई?" तिने विचारलं. "तो दाना..."

"दाण्यामुळे नाही," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"जाऊ दे. गाठोडं बांधीसन येस," असं म्हणून ती पाड्याच्या वाटेने गेली.

मी आत येऊन खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मला चैन पडेना. माल चांगला आहे हे माझं नाक सांगत होतं आणि डोळे नाही म्हणत होते. सडायला लागलेला माल असा डागाडागाने गुलाबी होत नाही, कडेपासून सरसकट होतो. आणि एका पिशवीत पाणी गुलाबी, एकीत काहीच नाही, हे कसं? सगळा माल एकाच बोटीचा, एकाच दिवशी गोठवलेला. मी हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. शेवटी काहीतरी करायचं म्हणून मोबाइल काढला. आप्पांनी फोटो ग्रुपवर टाकले होते, खाली हात जोडल्याच्या खुणा.

पहिल्या फोटोत ठोसर ओशाळं हसत होते. कपाळावर नाकाच्या मुळापासून वरपर्यंत ओढलेला लालभडक टिळा, त्यावर चार अक्षता. दुसरा फोटो चहाचा. टिळ्याचा वरचा तुकडा तेवढा शिल्लक. खालचा भाग, जिथे चष्मा टेकतो, तो पुसून गेलेला. अक्षता एकही नाही.

मी तो फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. चष्मा वर सरकवणारं ते हातमोज्यातलं बोट माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्याच बोटाने त्यांनी माकळं पिशवीत भरली होती. बाजारचं कुंकू म्हणजे निव्वळ रंग, लुगडं फाटतं पण डाग जात नाही. गावातल्या सगळ्या बायकांची कपाळं तपासणारी मी, आणि एकच कपाळ तेवढं मोकळं सोडलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मला हसू आलं, मग राग आला. आप्पांचा, साहेबांचा आणि सगळ्यांत जास्त माझा.

आप्पा ऑफिसात डोक्याला हात लावून बसले होते. मी फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला, त्यांना कळलं, आणि त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

"गप बस," ते हळू आवाजात म्हणाले. "साहेबवर बोट दखाडशी ना, ते पुढला परतेक कंटेनर अडकी. अन् टिळा लावा कोनी? आपन. आपलाच गळामा येई."

"माल चांगला शे आप्पा."

"ते दोनतीन हप्तामा प्रयोगशाळाच सांगी. थांब ना."

"उखाना ट्रक थांबाव नही दोनतीन हप्ता."

आप्पांनी मान फिरवली. वाईट माणूस नाही तो, पण साहेबलोकांना घाबरतो. मीही घाबरते. पण मला बसवत नव्हतं, त्याला काय करणार? मी स्कूटीची चावी घेतली.

नवापूरच्या स्टेशनावर ते बाक आहे ना, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये, त्याच्यावर लोक फोटो काढत होते. ठोसर पलीकडच्या साध्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. गाडीला थोडाच अवकाश होता. मला बघून ते उठले आणि मी बोलायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, शिफारस वगैरे काही असेल तर कृपा करून नको."

"शिफारस नाही. दोन फोटो आहेत."

त्यांनी फोटो पाहिले. आधी त्यांना कळलं नाही. "म्हणजे?"

"सर, चष्मा काढता का जरा?"

त्यांना राग आला, तो दिसला मला. पण त्यांनी चष्मा काढला. मी म्हटलं, नाकावर टेकतो तिथे रुमालाने पुसून बघा. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून त्या दोन छोट्या गाद्या पुसल्या. रुमालावर दोन लाल ठिपके उमटले. ते त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा फार कोवळा दिसत होता.

"तुम्ही माझ्यावर..." ते म्हणाले आणि थांबले. "त्या बाई वयाने मोठ्या होत्या हो. ताट घेऊन उभ्या होत्या. नाही कसं म्हणायचं?"

"मीही तुम्हाला दारात कपाळ धुवा म्हणायला हवं होतं. इतर सगळ्यांना सांगते. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी उभीच होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. नमुना पुन्हा काढता येतो, ते म्हणाले, नियमात बसतं. पण कारण लिहावं लागतं. आणि कारण खरं लिहायचं तर असं लिहावं लागेल, की तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वागताचा टिळा लावून घेतला, तो न धुता आत गेला आणि त्याच्याच हाताने नमुना खराब झाला. "वर्षभर झालं मला नोकरीला. हे वाचून वरचे काय म्हणतील ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतं मला, पण अंदाज होता. तोंडात आलेलं गोडगोड मी गिळलं. खोटा धीर द्यायला मला जमत नाही.

"तुमच्या जागी मी असते तर मलाही नकोसं वाटलं असतं," मी म्हणाले. "पण सर, गेटबाहेर ज्या बायका बसल्या होत्या ना, त्या आज दिवेलागणीला ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढणार. होळीशिवाय परत नाहीत. ज्यांनी तुम्हाला टिळा लावला त्यांचं घर नवीन आहे. त्यात त्यांना एक हिवाळा राहायचं होतं. तुमचा निकाल तीन आठवड्यांनी चांगला आला तरी त्यांना त्याचा काही उपयोग नाही."

गाडीची घोषणा झाली, मराठीत, हिंदीत, गुजरातीत, इंग्रजीत. गाडी आली, माणसं उतरली, चढली. ठोसरांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. गाडी हलली तेव्हा ते अजून बाकावरच होते.

"तुमच्याकडे दुसरं हेल्मेट आहे?" त्यांनी विचारलं.

नव्हतं. बॅग पोटाशी धरून ते तसेच मागे बसले आणि मी स्कूटी अशी हाणली की त्यांनी दोनदा "सावकाश" म्हटलं.

आम्हाला एका स्कूटीवर बघून आप्पा खुर्चीतून उठले ते उभेच राहिले. पुढे येऊन नमस्कार करायला त्यांचे हात वर गेले आणि अर्ध्यात थांबले. मी साहेबांना सरळ बेसिनकडे नेलं. "सर, कपाळ." त्यांनी साबण लावून कपाळ धुतलं, चष्माही धुतला, आणि शाळेतल्या पोरासारखा चेहरा माझ्यापुढे केला. मी नीट पाहिलं, केसांच्या कडेला जरा लाल होतं ते पुन्हा धुवायला लावलं, मग आत सोडलं.

नवा नमुना निघाला. पिशव्या पाण्यात गेल्या. आता माल वितळेपर्यंत थांबण्याखेरीज काही करता येत नव्हतं. वेळ जाता जाईना. बाहेर ऊन उतरत होतं. वॉचमन छगनला मी उखाच्या मागे नाक्यावर पाठवलं, की जरा थांब म्हणावं. छगन गेला तो उखालाच ट्रकसकट घेऊन आला. ट्रक गेटसमोर उभा राहिला, इंजिन चालू, मागे माणसं, भांडी, कोयते, दोन शेळ्या. आमच्यातल्या चौघी वर चढून बसल्याही होत्या.

"ताई, मी कितला येळ थांबू?" उखा म्हणाला. "दिवा लागी ऱ्हायनात. सुरतना पुढे जानं शे."

"चहा पी."

"पी लिधा दोनदा."

"मंग तिसरांदा पी. इंजिन बंद कर आधी, डिझेल फुकट जाई ऱ्हायनं."

त्याने इंजिन बंद केलं नाही. ट्रकच्या पलीकडून रमिलाबाई आली. डोक्यावर गाठोडं, हातात ॲल्युमिनियमचा डबा, मागे नवरा कोयते घेऊन. ओच्याला बांधलेली नव्या कुलपाची किल्ली चालताना तिच्या पायावर आपटत होती. मला बघून ती थांबली.

"गाठोडं खाली ठेव," मी म्हणाले.

"व्हयनं का?"

"नही अजून. पण ठेव."

तिने ठेवलं नाही. तशीच उभी राहिली, एक हात गाठोड्याला लावून. मी धावत आत गेले.

ठोसर पहिली पिशवी उघडत होते. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. तिसरीतलं पाणी त्यांनी काचेच्या भांड्यात ओतून दिव्यासमोर धरलं. साधं पाणी. चौथी पांढरी. त्यांनी एकेक तुकडा उलटून पाहिला, दाबला, वास घेतला, आणि मग कागद पुढे ओढला. कारणाच्या जागी त्यांचं पेन थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं, स्वच्छ अक्षरात, की तपासणाऱ्याच्या कपाळावरील कुंकू हातमोज्यास लागल्याने पहिला नमुना दूषित झाला होता. त्याखाली सही. मग माल सोडल्याची सही.

मी बाहेर आले. होकाराची मान हलवली. रमिलाबाईने गाठोडं खाली टाकलं. भांडी वाजली. ट्रकवरच्या चौघींपैकी तिघी उतरल्या. चौथीचा नवरा उतरायला तयार नव्हता, ती वरच राहिली आणि तिने तोंड दुसरीकडे केलं. उखा काही वेळ आमच्याकडे, काही वेळ आकाशाकडे बघत होता, मग तो शिव्या देत निघून गेला. त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं.

ठोसर बॅग घेऊन निघाले तेव्हा आप्पा पुन्हा ताट घेऊन दारात. सवय जात नाही माणसाची. मी ओरडणार इतक्यात रमिलाबाईने ते ताट आप्पांच्या हातातून काढून ओट्यावर ठेवलं, कोरडा अंगठा पदराला पुसला आणि साहेबांच्या धुतलेल्या कपाळावर नुसताच दाबून वर ओढला. कुंकू नाही, अक्षता नाहीत. ठोसरांनी या वेळी मान आपणहून वाकवली. नंतर किती तरी वेळ ते चष्मा उगीचच पुसत राहिले.

ते गेल्यावर मी रमिलाबाईजवळ गेले. "तो तांदूळ तुझा नव्हता," मी म्हणाले. "साहेबांच्या कपाळावरचा होता. मी उगाच बोलले तुला."

"माले मालूम व्हतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"कच्चा तांदूळ कोन डब्बामा आनस, ताई?" ती हसली. "पन तुमी इतल्या तापेल व्हत्यात. म्हंटं आधी थंड होऊ द्या."

मी म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये. पहिल्या खोक्याला तूच हात लाव."

तिने गाठोडं उचलून नवऱ्याच्या डोक्यावर दिलं, स्वतः डबा घेतला आणि ओच्याची किल्ली चाचपून पाहिली.

"उद्या नही," ती म्हणाली. "उद्या मी मन्हा घरमा बठसू. परवा येसू."